वातानुकूलित मंडई

ज्याला घासाघीस जमते त्याने मंडईत जावं आणि ज्याला जमत नाही त्याने मॉलमध्ये, अशी आपल्याकडे गेल्या पंचवीस वर्षांत आपोआप वाटणी झाली आहे. मॉलमध्ये किंमत बारकोडवर असते आणि बारकोडशी हुज्जत घालता येत नाही. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून उभा असलेला मुलगा अदबीने बोलतो, पण त्याच्या हातात काही नसतं. 'शेवटचं किती ते सांगा' म्हटलं की तो 'दोनवर एक मोफत' या पाटीकडे बोट दाखवतो. आपल्याला एकच हवं असतं, आपण तीन घेऊन बाहेर पडतो आणि रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडून मनाची भरपाई करतो.

पण मॉललाही कधीतरी बाजारात उतरावं लागतं, आणि तेही गिऱ्हाईक होऊन. त्याला वाढायचं असतं तेव्हा. वाढायला जागा लागते. मोक्याच्या जागेवर बहुधा आरक्षण असतं. ते हलवायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 यातल्या कलम 37 ची पायरी चढावी लागते. हे कलम सांगतं की आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर आधी जाहीर सूचना द्या, महिनाभर हरकती व सूचना मागवा, ज्यांनी दिल्या त्यांचं म्हणणं ऐका आणि मग प्रस्ताव सरकारकडे मंजुरीला पाठवा. म्हणजे ज्याने जन्मभर 'फिक्स्ड प्राइस' म्हटलं त्याला चारचौघांसमोर उभं राहून 'तुम्हीच सांगा किती देता' म्हणावं लागतं. ही संधी सोडणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या भागातल्या मॉलच्या कुशीला एक मोकळा भूखंड आहे. विकास आराखड्यात त्याच्यावर 'भाजी मंडई' असं आरक्षण. ते आधीच्या आराखड्यातही होतं. या काळात त्या जागेवर मंडई सोडून सगळं होऊन गेलं. सर्कस झाली, गणपतीचे मांडव पडले, लग्नं लागली, हातमागाचे सेल लागले, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सभांत एकाच वक्त्याची भाषणं झाली. भाजीवाले मात्र भूखंडाच्या बाहेर, फुटपाथवर, कुंपणाच्या पत्र्याला पाठ टेकून बसतात. म्हणजे आराखड्यात मंडई जिथे दाखवली आहे तिथून ती फार तर चार फूट सरकली आहे. आपल्याकडच्या नियोजनाच्या मानाने हा नेम अचूकच म्हणायचा.

या भूखंडाचा मोठा भाग मंडईच्या आरक्षणातून वगळून वाणिज्य विभागात घ्यावा आणि मॉलने तिथे विस्तार करावा, असा प्रस्ताव आला. तो आला हे कळण्याचं श्रेय आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांना. काका वर्तमानपत्र मागून पुढे वाचतात. आधी निधनवार्ता, मग नाव बदलल्याच्या जाहिराती, मग 'तमाम लोकांस कळविण्यात येते की'. पहिल्या पानापर्यंत पोचेस्तोवर त्यांची दुपारच्या झोपेची वेळ होते. त्यामुळे देशात काय चाललंय याची त्यांना कल्पना नसते, पण तालुक्यातला कुठला सातबारा कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर चाललाय हे तोंडपाठ असतं. जाहीर सूचना छापताना ती कोणी वाचू नये याची जी काळजी घेतली जाते ती काकांच्या भिंगापुढे टिकली नाही. 'तमाम लोकांस' म्हणजे आपल्याला, असं शब्दशः समजणारे ते बहुधा शहरातले शेवटचे गृहस्थ.

फेरबदलाचा नकाशा 'कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध' होता. काकांनी मला सोबत नेलं, कारण माझ्या फोनचा कॅमेरा चांगला आहे. नगररचना विभागात नकाशा भिंतीवर होता, भिंतीपुढे कपाट होतं, आणि कपाटाला टेकून एक प्लॉटरचा खोका. शिपायाने खोका हलवला, कपाट हलवायला माणूस नव्हता. मग एका लिपिकाने दुसरी प्रत टेबलावर पसरली आणि गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर पंचिंग मशीन, पाण्याची बाटली, शिक्क्यांचं स्टँड आणि स्वतःचा डबा ठेवला. पिवळा रंग म्हणजे निवासी, निळा म्हणजे वाणिज्य, हिरवा म्हणजे मोकळी जागा, एवढं मला माहीत होतं. आमचा भूखंड नेमका डब्याखाली आला. लिपिकाने पेनच्या टोपणाने डबा जरा सरकवला. डब्याखाली निळा रंग होता, आणि त्याच्या काठाला मंडईचा तुकडा, खरवडून उरलेल्या खरपुडीएवढा. 'एवढीच?' काकांनी विचारलं. 'तळघरात आहे ना साहेब,' लिपिक म्हणाला, 'नकाशात वरून बघताना खालचं दिसत नाही.'

त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हरकतीचा मसुदा फिरायला लागला. अशा मसुद्याची एक ठरलेली वाटचाल असते. पहिल्या वाक्यात संविधान येतं, दुसऱ्यात ज्येष्ठ नागरिक, तिसऱ्यात रुग्णवाहिका. आमच्या भागात रुग्णवाहिका कधी अडकली असं कोणाला आठवत नव्हतं, पण हरकतीत ती अडकलीच पाहिजे असा आग्रह होता. मग कोणीतरी इंग्रजीतून दुरुस्त्या सुचवल्या, कोणीतरी चुकून शुभ प्रभातचं फूल टाकलं, आणि शेवटी एकच मजकूर सगळ्यांनी आपापल्या नावाने सही करून दिला. यात गैर काही नाही. पुण्याच्या 2007 ते 2027 च्या आराखड्यावर 87 हजारांच्या घरात हरकती-सूचना आल्या होत्या, त्या सगळ्या कोणी स्वतंत्र प्रतिभेने लिहिल्या असतील असं समजण्याचं कारण नाही. आणि गठ्ठ्यांना वजन असतं. मुंबईचा 2034 पर्यंतचा मसुदा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लोकांनी त्यातल्या चुकांचा एवढा बोभाटा केला की मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून नव्याने करायला लावला. तेव्हापासून हरकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक छोटी मुंबई असते.

सुनावणी महापालिकेच्या सभागृहात झाली. तो प्रशासकांचा काळ होता. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक लांबतच गेली, तेव्हाची गोष्ट. त्यामुळे सभागृहात नगरसेवक एकही नव्हता. माजी नगरसेवक होते आणि भावी नगरसेवक होते. माजी पहिल्या रांगेत जुन्या सवयीने आपापल्या जागी बसले, भावी मागे उभे राहिले, कारण उभं राहिलं की फोटोत येता येतं. व्यासपीठावर अधिकारी. त्यांच्यासमोर हरकतींचे गठ्ठे, लाल फितीत नव्हे, आता पांढऱ्या नाड्यांत बांधतात. प्रत्येक गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर हिरव्या शाईत आवक क्रमांक.

मॉलच्या बाजूने चौघं आले होते: वास्तुविशारद, वाहतूक सल्लागार, वकील आणि लायझनवाला. पहिल्या तिघांनी सूट घातला होता. चौथ्याने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता आणि सभागृहातला शिपायापासून उपसंचालकापर्यंत प्रत्येक माणूस त्याला नावाने ओळखत होता. कोण महत्त्वाचं ते तिथेच कळलं.

वास्तुविशारदाने पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांत आकाश निळं होतं आणि रस्ता कोरडा. माणसं उंच, सडपातळ, कोणाच्याही हातात पिशवी नाही. पाच कुत्री मोजली, एकही भटकं नव्हतं. 'हा नुसता मॉल नाही,' तो म्हणाला, 'हा शहराचा चौक आहे.' हे वाक्य त्याचं नाही, फार जुनं आहे. मॉल नावाच्या वस्तूचा जनक व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुविशारद. 1938 मध्ये नाझींपासून पळून तो अमेरिकेत गेला आणि 1956 मध्ये मिनेसोटातल्या इडायना गावी त्याचं साउथडेल उघडलं, वरून बंदिस्त आणि आतून थंड-गरम केलेलं. त्यालाही व्हिएन्नातल्यासारखे पायी फिरायचे चौक उभारायचे होते. मालकांनी त्यातला चौक वगळला, दुकानं ठेवली आणि भोवती मोटारींचा समुद्र पसरला. वैतागून ग्रुएन म्हातारपणी व्हिएन्नाला परतला, तर काही वर्षांत शहराच्या दक्षिणेला एक भलंमोठं शॉपिंग सेंटर उभं राहिलं. मॉल त्याचा पाठलाग करत घरापर्यंत आला. आपल्याकडे तर मॉल आला तोच चौकाच्या उलट स्वभाव घेऊन. 1999 मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला तेव्हा सुरुवातीला बघ्यांची इतकी झुंबड उडाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर 60 रुपये भरून आत या, असा नियम करावा लागला. ज्या चौकात शिरायला तिकीट लागतं त्याला आमच्याकडे जत्रा म्हणतात, आणि जत्रेतही तिकीट पाळण्याचं असतं, आत येण्याचं नसतं.

चित्रं संपल्यावर अधिकाऱ्यांनी दिवे लावायला सांगितले आणि थोडक्यात परिस्थिती मांडली. ती ऐकून सभागृहातला जोर जरा उतरला. झालं असं होतं: कायद्याचं कलम 127 सांगतं की आराखडा लागू झाल्यावर 10 वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेने संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं. पूर्वी ही मुदत 12 महिने होती, ती वाढवली, पण महापालिकेच्या तिजोरीला 24 महिनेही पुरत नाहीत. आमच्या भूखंडाची सूचना येऊन पडली होती. म्हणजे प्रश्न 'मंडई की मॉल' असा नव्हताच. 'मॉल आणि तळघरात मंडई, की नुसताच मॉल' असा होता. अधिकारी म्हणाले, 'बघा, पूर्ण जाण्यापेक्षा थोडं मिळतंय.' हे वाक्य ऐकताच मागच्या रांगेतल्या भाजीवाल्या बायका ताठ बसल्या. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. संध्याकाळी सातनंतर उरलेली पालेभाजी घेताना गिऱ्हाईक अगदी हेच म्हणतं.

मग वाहतूक सल्लागार उठला. त्याने चौकाचा अभ्यास केला होता. सकाळ-संध्याकाळ वाहनं मोजली होती आणि ती सगळी 'पीसीयू'मध्ये बदलली होती. पीसीयू म्हणजे प्रवासी मोटार एकक. रस्त्यावर नाना तऱ्हेची वाहनं असतात, त्यांची बेरीज व्हावी म्हणून सगळ्यांचं मोटारीत रूपांतर करतात. मोटार म्हणजे 1, स्कूटर म्हणजे अर्धी मोटार, ट्रक म्हणजे 3. ही कोष्टकं इंडियन रोड्स काँग्रेसची. त्यातल्या 1990 च्या, ग्रामीण रस्त्यांसाठीच्या कोष्टकात हातगाडी 3 मोटारींएवढी आणि बैलगाडी 8 मोटारींएवढी धरली आहे. आपल्या देशात बैलगाडीला हा मान कुठल्याही सरकारने दिला नव्हता, तो एका कोष्टकाने दिला. या हिशेबात पायी चालणाऱ्याला आकडा नाही. तो अर्धा नाही, पाव नाही, शून्यही नाही. त्याच्यासाठी ओळच नाही. सल्लागाराच्या गणितानुसार मॉल दुप्पट झाल्यावर चौकात फक्त किरकोळ विलंब होणार होता, आणि सध्याच्या कोंडीचं मुख्य कारण होतं कुंपणालगतच्या हातगाड्या. 'एकेक हातगाडी,' त्याने पडद्यावर लाल ठिपके दाखवत सांगितलं, 'तीन मोटारींएवढा रस्ता खाते.'

हे बोलायला नको होतं.

पथविक्रेत्यांच्या संघटनेचे पुढारी खिशात 2014 चा पथविक्रेता कायदा घेऊन आले होते. त्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायची तरतूद आहे, ते कलम काढून ते बोलणार होते. त्यांचं बखोट धरून एका मावशींनी त्यांना खाली बसवलं. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात चुरगळलेली हरकतीची पोच. 'साहेब, गाडी तीन मोटारींची, हे यांनी सांगितलं, आम्ही नाही,' मावशी म्हणाल्या. 'आमच्या गाड्या चाळीस. म्हणजे झाल्या एकशेवीस मोटारी. मोटारीला जागा किती लागते हो तुमच्यात?'

वास्तुविशारद बेसावध होता. त्याने खरं सांगितलं. अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. आता हे माप मला नेहमी थक्क करतं. साडेबारा चौरस मीटर. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला 300 चौरस फुटांचं घर मिळतं, त्यात दोन मोटारी आणि एक स्कूटर ठेवली की पाय ठेवायला जागा उरत नाही. पण आपल्याकडे मोटारीचा हक्क आधी लिहिला जातो, माणसाचा नंतर शोधला जातो.

मावशींचा मुलगा फोनवर गुणाकार करत होता. 'दीड हजार मीटर,' तो म्हणाला. मॉलने तळघरातल्या मंडईला 600 चौरस मीटर देऊ केले होते. 'मग दीड हजार द्या,' मावशी म्हणाल्या. 'आम्ही काही जास्त मागत नाही. यांच्याच मापाने द्या.'

सल्लागाराने सांगायचा प्रयत्न केला की ते एकक वाहत्या रहदारीसाठी आहे, उभ्या गाडीसाठी नाही. 'मग उभी गाडी रस्ता खाते असं कशाला म्हणालात?' या प्रश्नाला त्याच्या स्लाइडमध्ये उत्तर नव्हतं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. लिपिकाने 'दीड हजार' लिहून त्याखाली रेघ ओढली. आणि मग मावशींनी दुसरा मुद्दा काढला, जो मला त्या दिवसातला सगळ्यात शहाणपणाचा वाटला. गिऱ्हाईक घरी जाताना भाजी दिसते म्हणून थांबतं. मेथी घ्यायची म्हणून कोणी जिना उतरून तळघरात येत नाही. मॉल तरी स्वतःचं सोन्याचं दुकान तळघरात ठेवतो का? ते दारातच असतं ना? मॉलवाले ज्याला फूटफॉल म्हणतात आणि ज्याच्या अभ्यासासाठी सल्लागार नेमतात ते मावशींनी कुंपणाला टेकून फुकटात शिकून घेतलं होतं. तळघराला वातानुकूलन आहे, असं वकील मध्येच म्हणाले. 'कोथिंबीर टिकंल,' मावशी म्हणाल्या, 'पण बिल कोण भरंल?'

यानंतर बाकीच्यांनाही हुरूप आला. मॉल नको, मुळीच नको, अशा हरकती लिहून आलेले लोक एकेक करून मॉल कसा हवा ते सांगायला लागले. आमच्या सोसायटीला मॉलचं मागचं गेट बंद हवं होतं. पलीकडच्या सोसायटीला ते उघडंच हवं होतं, कारण ते बंद झालं की गाड्या त्यांच्या दारावरून जातात. पहाटे फिरणाऱ्यांच्या गटाला स्वच्छतागृह हवं होतं, पहाटे पाचला उघडं, आणि मॉल उघडतो अकराला. हा पेच सोडवायला त्यांनी मॉलच पहाटे पाचला उघडावा अशी लेखी सूचना दिली. माजी नगरसेवकांना विरंगुळा केंद्र हवं होतं, भावींना वाचनालय. दोघांनाही त्याला नाव आपल्या वडिलांचं हवं होतं, पण ते त्यांनी सभागृहात न सांगता जिन्यात सांगितलं. एका तरुणाने उभं राहून सांगितलं की त्याला मॉल मोठा झालेला हवाच आहे, कारण सध्या सिनेमाला लांब जावं लागतं. सभागृहात एकदम शांतता पसरली. कोणी दुखावलं नव्हतं, पण असं उघड कोणी बोलत नाही. अधिकाऱ्यांनाही हे कुठल्या रकान्यात लिहावं कळेना. हरकत नव्हती, त्यामुळे शेवटी ते 'सूचना' म्हणून घेतलं.

एका वकीलताईंनी पर्यावरणाचा मुद्दा काढला. 20 हजार चौरस मीटरवरच्या बांधकामाला 2006 च्या अधिसूचनेखाली आधी पर्यावरण मंजुरी लागते, हे खरं. पण त्याच अधिसूचनेत इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे डोंगरात खाण काढायची तर गावाला विचारायचं, पण शहरात बांधायचं तर तज्ज्ञांच्या समितीला. 'मग आज आम्ही इथे काय करतोय?' ताईंनी विचारलं. 'आज तुम्ही आराखड्यातल्या फेरबदलावर बोलताय,' अधिकारी शांतपणे म्हणाले, 'पर्यावरणावर नाही.' धूर आणि रंग हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं.

भूखंडाच्या कोपऱ्यात एक वड आहे. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायचं तर 1975 चा कायदा आहे. वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि शिवाय ज्या झाडाला तोडायचं त्याच्यावर दिसेल अशी नोटीस लावावी लागते. झाडाने हरकत घेतली असं अजून ऐकिवात नाही, पण कायद्याने त्याला कळवण्याची रीत सोडलेली नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळतो आणि मग ते सहज तोडता येत नाही. म्हणून वडाच्या वयावरही भाव सुरू झाला. मॉलचे तज्ज्ञ 46 म्हणाले. फिरायला जाणारे आजोबा म्हणाले, आणीबाणीत मी याच्या सावलीला पोलिसांची वाट बघत बसलो होतो, तेव्हा हा मोठाच होता. तज्ज्ञ 48 वर आले. आजोबा 70 वरून 60 वर उतरले. अधिकाऱ्यांनी दोघांचंही लिहून घेतलं आणि उद्यान अधीक्षकांना घेर मोजायला सांगितलं. वड जागच्या जागी राहून इमारतीचा कोपरा सहा मीटर आत सरकला. त्या दिवशी कोणाला काही खरोखर मिळालं असेल तर ते त्याला.

चहाच्या सुट्टीत मी लायझनवाल्याजवळ उभा होतो. तो मजेत होता. मी म्हटलं, तुमचा बराच माल गेला की हो आज. तो हसला. 'साहेब, सहावा मजला पाहिलात ना चित्रात? तो बांधायचाच नव्हता. आर्किटेक्टने कापायला म्हणूनच काढला होता. लोकांनी काहीतरी कापलं पाहिजे ना, नाहीतर घरी कसं जाणार?' हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण काकांनी हरकतीच्या पहिल्याच ओळीत 'सध्याचा मॉलही पाडण्यात यावा' असं लिहिलं होतं, आणि का म्हणून विचारल्यावर ते म्हणाले होते, 'वरून सुरुवात करायची असते रे. पाडा म्हटलं की गेटावर येतात.' दोन्हीकडचे लोक एकाच शाळेत शिकले होते. फरक एवढाच की एकाला त्याचे पैसे मिळत होते.

पुढे सुनावणीचा अहवाल झाला. तो अर्थातच कोणाला कळवला नाही, पण माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज आणि पानाला 2 रुपये भरले की मिळतो. काकांनी आणला. डावीकडे हरकतीचा गोषवारा, उजवीकडे अभिप्राय. मागचं गेट बंद करा: 'विचारात घेण्यात आले.' मागचं गेट बंद करू नका: 'विचारात घेण्यात आले.' पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा: 'वाहतूक विभागाकडे वर्ग.' पहाटे पाचला स्वच्छतागृह: 'मालकास कळविण्यात यावे.' सिनेमाला जवळ थिएटर हवं: 'अर्जदाराची भावना लक्षात घेण्यात आली.' सध्याचा मॉल पाडा: 'प्रस्तुत प्रस्तावाच्या कक्षेबाहेर.' काका त्यावर खूश होते. कक्षेबाहेर म्हणाले, नाही म्हणाले नाहीत. आणि एका ओळीत, आवाज न करता, मंडईचं क्षेत्र 600 वरून 900 चौरस मीटर झालं होतं. त्यातलं एक तृतीयांश रस्त्याच्या पातळीवर, मुख्य दाराच्या डाव्या अंगाला. सहावा मजला गेला होता. बाकी सगळं होतं तसंच.

तो प्रस्ताव मग मंत्रालयात नगरविकास विभागाकडे गेला. तिथल्या भावतोलाला आम्हाला बोलावत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण तिथले आकडे आमच्या फोनच्या गणकयंत्रात मावणार नाहीत. तिथे तो पुष्कळ दिवस राहिला. मग परत आला. मूळ जाहीर सूचनेत हिस्सा क्रमांक चुकला होता. भूखंडाऐवजी शेजारचा नाला वाणिज्य विभागात जात होता. सबब शुद्धिपत्रक काढून हरकती-सूचना नव्याने मागवाव्यात, पुन्हा एक महिना, पुन्हा सुनावणी. हिस्सा क्रमांकातली चूक कुठल्याही सूट घातलेल्या माणसाला दिसली नव्हती. काकांना पहिल्याच दिवशी दिसली होती. 'मग तेव्हाच का नाही सांगितलंत?' मी विचारलं. ते म्हणाले, 'पहिल्या दिवशी कोणी असले पत्ते दाखवतं का?'

बातमी कुंपणापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मी भेंडी घेत होतो. लायझनवाला रस्त्यापलीकडे गाडी उभी करून आला आणि मावशींना समजावू लागला की काळजी नको, फक्त कागदाची पूर्तता आहे, ठरलंय तसंच होईल, नऊशे म्हणजे नऊशे. मावशी माझी भेंडी तोलत होत्या. एक भेंडी त्यांनी पारड्यातून उचलून परत टोपलीत टाकली.

'ते मागच्या वेळचं झालं, दादा,' त्या त्याला म्हणाल्या. 'आता नव्यानं बसायचं तर बाराशेच्या खाली बोलू नका.'